नाडीचा काच

मावशी दुपारी अडीचला कुणाला फोन करत नाही. जेवण, मागचं आवरणं, मग पंख्याखाली चटईवर तासभर, हा तिचा लालबागच्या चाळीतला पन्नास वर्षांचा नेम आहे. त्यामुळे २०२४च्या नोव्हेंबरात एका दुपारी अडीचला तिचं नाव फोनवर दिसलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

"तुला आला का तो मेसेज? परकराचा?"

"कुठला परकराचा?"

"अगं, नाडीनं कॅन्सर होतो म्हणे. आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलंय, फोटोसकट. मी मघापासून नाडी सोडून बसलेय."

हसू दाबून मी शोधाशोध केली. बातमी खोटी नव्हती. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या घराण्यातलं एक नियतकालिक आहे, एकेका रुग्णाची हकिकत छापणारं. त्यात वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन उतारवयाच्या बायकांबद्दल लिहिलं होतं. एक परकरावर साडी नेसणारी, दुसरी परकराशिवाय लुगडं कमरेला घट्ट आवळणारी. वर्षानुवर्षं एकाच जागी काचत राहिलं की कातडी आधी काळवंडते, मग पातळ होते, मग तिथे जखम होते आणि ती भरता भरत नाही. अशा जुनाट जखमेत कॅन्सर उठू शकतो हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात.

मी मावशीला उलटा फोन लावला. "खरं आहे, पण फार क्वचित होतं. नाडी सैल बांध, नाडीऐवजी रुंद पट्टा लावून घे, आणि रोज एकाच जागी आवळू नको. आणि हे काही नवीन नाहीये हं. १९४५ सालीच छापून आलंय. तेही आपल्या परळमधून."

"पंचेचाळीस साली?" ती क्षणभर थांबली. "मग आम्हांला कुणी सांगितलं नाही ते?"

आणि माझं काही ऐकण्याआधी तिने फोन ठेवला. नाडी बांधायची राहिली होती.

मी एकतीस वर्षं एका वैद्यकीय ग्रंथालयात काढली. परळच्याच आसपास. नाव सांगत नाही, कारण पुढे त्यांच्याबद्दल एक तक्रार यायची आहे. माझं टेबल संदर्भ विभागाचं. शिकाऊ डॉक्टर प्रबंध लिहायला बसले की धावत यायचे: "मॅडम, हा पेपर काढून द्या ना, उद्या सरांना दाखवायचाय." त्यातले निम्मे पेपर त्यांना वाचायचे नसायचेच, नुसते यादीत टाकायचे असायचे. १९९४च्या सुमाराला असाच एक मुलगा चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीवर होतं: खानोलकर आणि सूर्याबाई, आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी, खंड ४०, १९४५, पानं ३५१ ते ३६१.

त्या अमेरिकन नियतकालिकाचा खंड तळमजल्यावरच्या रॅकमध्ये होता. डांबराच्या गोळ्यांचा वास, पाठीवरची सोनेरी अक्षरं अर्धी उडालेली. झेरॉक्स काढायला उघडला आणि शीर्षकावर नजर अडली. एरवी मी शीर्षकं वाचत नसे, वाचायला लागलं तर काम कधी संपायचं? पण हे निराळं होतं. मराठीत सांगायचं तर 'वहिवाटीशी निगडित कॅन्सर: भारतातले तीन नवे प्रकार'.

इंग्रजीत 'युसेजेस' असा शब्द आहे. त्याला मी खूप दिवस 'रूढी' म्हणत होते, मग 'चालीरीती' म्हणून पाहिलं. शेवटी वडिलांच्या तोंडचा कोर्टकचेरीतला शब्द सापडला, वहिवाट. पिढ्यान्पिढ्या माणसं जिथून चालत आली, म्हणून जी वाट झाली, ती. तिच्यावरून चालणाऱ्याला कुणी गुन्हेगार म्हणत नाही.

ते तीन प्रकार असे. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा नावाची जाड विडी ओढतात, आणि अनेकजण, विशेषतः बायका, तिचं पेटतं टोक तोंडाच्या आत धरतात. निखारा आत, राख आत. त्यांना कॅन्सर होतो तो टाळूला, जो एरवी फारसा दिसत नाही. बिहारात तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठाच्या आत, हिरडीच्या खोबणीत ठेवतात. ती खैनी. तिथे कॅन्सर होतो तो ठेवायच्या त्या जागेलाच. आणि तिसरा धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षं आवळलेल्या धोतराच्या काठाखाली, बरोबर त्या काचाच्या रेषेवर.

त्या संध्याकाळी घरी जाताना करी रोडच्या पुलावर मी समोरून येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कमरा बघत होते. वेड्यासारखी.

मला धक्का बसला तो कॅन्सरचा नाही. बसला तो या तिघांना एका रांगेत बसवण्याचा. तंबाखू म्हटलं की आपल्याकडे पुढचा शब्द ठरलेला असतो: व्यसन. आणि व्यसन म्हटलं की बोट दाखवणं आलंच. पण धोतर नेसणं हे व्यसन कसं असेल? धोतर नेसणारा माणूस तर सभ्य गृहस्थ. त्याला आणि खैनी मळणाऱ्या हमालाला, पेटती विडी उलटी धरणाऱ्या कोळिणीला या लेखाने एकाच शब्दाखाली घेतलं. तुम्ही काय करता, कसं करता, किती वर्षं करता. एवढंच विचारलं. का करता हे डोळे वटारून विचारलेलं नाही.

वसंत रामजी खानोलकर १८९५ साली जन्मले. लंडन विद्यापीठातून १९२३ साली विकृतिशास्त्रात, म्हणजे पॅथॉलॉजीत, एम. डी. होऊन मुंबईत परतले, ग्रँट मेडिकल आणि मग शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं ते २८ फेब्रुवारी १९४१ला, आणि त्याच साली तिथल्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढे १९५२ साली त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं केलं. काही वर्षं मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, मग राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक. कुष्ठरोगावरही त्यांचं मोठं काम आहे. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक वगैरे विशेषणं तुम्हांला कुठेही वाचायला मिळतील, ती मी इथे पुन्हा देत नाही.

मला त्यांचा १९४४चा लेख जास्त आवडतो. 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकन नियतकालिकाच्या चौथ्या खंडात आहे. मुंबईतला तोंडाचा कॅन्सर, ओळीने आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा. रुग्णालयाचं दार उघडून जेमतेम तीन वर्षं झाली होती.

यातल्या 'ओळीने' या शब्दावर मी अडून बसते. ग्रंथालयात दाखल रजिस्टर असतं. पुस्तक आलं की त्याला पुढचा आकडा. चांगलं पुस्तक, टुकार पुस्तक, देणगीत आलेली जुनी डायरी, सगळ्यांना पुढचाच आकडा. मध्ये गाळायचं नाही, मागून घुसवायचं नाही. नवीन लागलेला कारकून हमखास विचारतो की हे भंगार कशाला चढवायचं, आणि त्याला हमखास सांगावं लागतं की निवड इथे करायची नाही. विज्ञानातला 'ओळीने' हा असाच. अजब, देखणे, आपल्या सिद्धान्ताला सोयीचे रुग्ण वेचायचे नाहीत. दारातून जो आला तो. गिरणीतला आला, भाजीवाली आली, कोकणातून बोटीने आलेला आला. हजारावा रुग्ण येईपर्यंत.

आणि हजार जणांच्या तोंडात वाकून बघितल्यावर काय दिसलं असेल, हे ज्याने एकाच तोंडात बघितलंय त्याला विचारा.

माझे आजोबा, मावशीचे वडील, गिरणीत साचाखात्यात होते. कापूस पेट घेईल म्हणून खात्यात बिडीला बंदी. तंबाखूला कोण अडवणार? उजव्या गालात बार भरला की पाळी संपेपर्यंत. तंतू उडत असतात, घसा कोरडा पडतो, तोंडात काही असलं की बरं वाटतं, असं ते सांगायचे. १९६८ साली गालाच्या आत गाठ आली. त्यांना एका दवाखान्यात नेलं, तेव्हा मावशी एकोणीस वर्षांची होती आणि सोबत तीच होती, कारण माझी आई बाळंतपणाला आलेली. टेबलापलीकडच्या तरुण डॉक्टरने तोंड उघडायला लावलं, बॅटरीने पाहिलं, आणि म्हणाला, "तुम्ही लोक सुधारणार नाही. किती खाता?"

आजोबा म्हणाले, "कधीमधी."

चुन्याची डबी तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. मावशीला तिचा उंचवटा दिसत होता. डॉक्टरने केसपेपरवर तेच लिहिलं असणार, कधीमधी. पुढच्या पावसाळ्यात आजोबा गेले.

ही गोष्ट मावशीने मला कितीदा सांगितली असेल. दर वेळी तिला वाईट वाटतं ते आजोबा खोटं बोलले याचं. मला ग्रंथालयात बसून बसून वेगळंच वाटायला लागलं. तो केसपेपर जर कुणा संशोधकाच्या हाती गेला असेल, तर माझे आजोबा कधीमधीवाल्यांच्या रकान्यात पडले असतील. एका 'तुम्ही लोक'मुळे आकडा चुकला.

म्हणून १९५५चा तो पेपर हाती आला तेव्हा मी तो आधी निकालासाठी वाचलाच नाही. संघवी, राव आणि खानोलकर, ब्रिटिश मेडिकल जर्नल. तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातल्या कॅन्सरशी संबंध. त्याच नियतकालिकात पाच वर्षांपूर्वी डॉल आणि हिल यांचा धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा गाजलेला लेख आला होता, जो जगभर शिकवतात. परळच्या लेखाची पद्धत त्याच जातकुळीची: कॅन्सर झालेल्यांना विचारायचं आणि न झालेल्यांनाही तेच विचारायचं, मग दोन्ही रकाने शेजारी ठेवायचे. चघळणाऱ्यांचा धोका तोंडात जास्त आणि ओढणाऱ्यांचा घशाकडे, असा फरक त्यातून पुढे येतो. आज हे वाचून कुणाला काही वाटणार नाही. पण मला राहून राहून वाटतं, त्या प्रत्येक माणसासमोर कुणीतरी बसलं असेल, आणि बार किती, चुना किती, रात्री झोपताना गालात ठेवता का, हे विचारलं असेल. अशा आवाजात, की समोरच्याचा हात खिशावर गेला नाही.

संघवी हे आनुवंशिकीचे. १९५० साली त्यांचा आणि खानोलकरांचा एक लेख आला, मुंबईतल्या आपसांतच लग्नं करणाऱ्या सहा समाजांच्या सात आनुवंशिक लक्षणांवर. रक्तगट वगैरे. मी हे सगळे लेख शेजारी ठेवून वाचले तेव्हा मला त्यांत एक सरळ धागा दिसला. एकाच शहरात, एकाच पाण्यावर राहणाऱ्या माणसांत रोग वेगवेगळा दिसतो. मग तो रक्तातून आला की वहिवाटीतून? रक्त असेल तर बदलता येत नाही. वहिवाट बदलते. धोतराच्या जागी पँट येते.

आता हवाल्याबद्दल. मुंबईत हवाला म्हटलं की लोकांना झवेरी बाजारातलं काहीतरी आठवतं, पण मी विद्वानांच्या हवाल्याबद्दल बोलतेय. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने आपल्या लेखात नोंदवायचं. कुणाचा हवाला किती वेळा दिला गेला, त्यावर त्याची पत ठरते. आता ते एका क्लिकवर दिसतं. आमच्या काळी सायन्स सायटेशन इंडेक्सचे जाडजूड खंड होते, १९६४पासून निघायला लागलेले. अमेरिकेतल्या युजीन गारफील्डचं ते काम. अक्षर इतकं बारीक की मी टेबलावर भिंग ठेवत असे. प्राध्यापकांच्या बढतीच्या मोसमात त्या भिंगाला रांग लागायची.

त्या खंडांची एक खोड होती. ज्याचा हवाला दिला त्याची नोंद फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली. म्हणजे १९५५चा तो पेपर संघवींच्या नावाखाली, खानोलकर त्यात गायब. १९४५चा खानोलकरांच्या नावाखाली, सूर्याबाई गायब. आद्याक्षरांची तर आणखी तऱ्हा. एकच माणूस एका आद्याक्षराने एकदा आणि दोन आद्याक्षरांनी एकदा, म्हणजे वहीत दोन माणसं. आपल्याकडच्या बायकांचं तर विचारूच नका. लग्नाआधीचं नाव वेगळं, नंतरचं वेगळं. अर्धं कर्तृत्व माहेरी, अर्धं सासरी.

कमल रणदिवे या पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ. पुण्याच्या, १९१७चा जन्म, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. लग्न होऊन मुंबईत आल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. झाल्या. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे पेशी काचेच्या नळीत वाढवायचं तंत्र शिकून आल्या आणि परळला ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. गे म्हणजे तेच, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी वाढल्या आणि आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्या बाईला कुणी काही विचारलं नव्हतं, तिच्या घरच्यांना कित्येक वर्षं पत्ताही नव्हता. विज्ञानाच्या इतिहासात न विचारण्याचीही अशी मोठी परंपरा आहे.

रणदिवे यांनी उंदरांवर काम केलं, स्तनांच्या कॅन्सरवर केलं, आणि मला जवळचं वाटतं ते म्हणजे सुपारीवर केलं. १९७६ साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा सुपारी आणि तंबाखूवरच्या प्रयोगांचा लेख आहे. तंबाखू वाईट हे तोवर सगळे मानू लागले होते. पण नुसती सुपारी? लग्नात, पूजेत, ताम्हनात, अंबाबाईच्या ओटीत असते ती सुपारी? तिच्या अर्काने उंदरांत गाठी होतात हे छापायला प्रयोगशाळेइतकंच धैर्यही लागत असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८५ साली तंबाखू घातलेल्या विड्याला कॅन्सरकारक ठरवलं, पण बिनतंबाखूच्या विड्याबद्दल पुरावा पुरेसा नाही म्हणून हात राखला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात मात्र निकाल दिला: तंबाखू नसलेला विडाही कॅन्सरकारक, आणि सुपारीही. १९७६ ते २००४. अठ्ठावीस वर्षं. एवढ्यात सुपारीच्या रोपाचं माडाएवढं झाड होतं.

२०२१ साली रणदिवेंच्या जन्मदिवशी, ८ नोव्हेंबरला, गूगलच्या पानावर त्यांचं चित्र आलं तेव्हा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तीन जणांनी ते पाठवलं. तिघांनीही विचारलं, या कोण? १९८२च्या पद्मभूषण, भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना १९७३ साली उभारणाऱ्यांतल्या एक, वगैरे मी टंकलं. कुणीतरी अंगठा दाखवला.

आता ती तक्रार. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं आमच्या ग्रंथालयाने जुने खंड काढायचं ठरवलं. सगळं ऑनलाइन आहे, जागा हवी आहे, हे मलाही पटत होतं. सरकारी मराठीत या प्रकाराला निर्लेखन म्हणतात. शब्द ज्याने बनवला तो कवी असावा. लिहिलेलं न-लिहिलेलं करायचं. यादी करायला मला बसवलं, आणि यादीत आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजीचे चाळिशीतले खंडही आले. मी टिपण लिहिलं की हा एक खंड ठेवा, यात आपल्या शेजारच्या इमारतीतलं काम आहे. टिपण फाइलीत गेलं, फाइल वर गेली, वरून सही होऊन आली आणि रद्दीवाला आला. वजनावर. मी आदल्या संध्याकाळी ती अकरा पानं पुन्हा एकदा झेरॉक्स करून घेतली. पैसे भरून, पावती करून. नाहीतर म्हणतील ग्रंथपालाने चोरली.

तर आजच्या भावाने खानोलकरांची किंमत काढायची झाली तर कशी काढणार? २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हवाल्यांवरून पत मोजणारा एच-इंडेक्स काढला आणि तेव्हापासून तरुण डॉक्टर तो आकडा कुंडलीसारखा सोबत ठेवतात. तो आकडा काहींना न्याय देतो हे मी नाकारत नाही. टाटा मेमोरियलच्याच अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा २०१५चा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला लेख घ्या. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या पायरीवर असताना मानेतल्या लसिकाग्रंथी आधीच काढाव्यात की तिथे रोग दिसल्यावर? सुमारे दहा वर्षं रुग्ण गोळा केले, ५०० जणांचं विश्लेषण केलं, तीन वर्षांनी जिवंत असलेले आधी काढलेल्यांत ८० टक्के आणि थांबलेल्यांत ६७.५. त्यानंतर शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा जुना वाद जवळपास मिटला. असा लेख नोंदवल्याशिवाय कुणाला पुढे जाता येत नाही.

पण खानोलकरांच्या कामाचा परिणाम टेबलावर होत नाही, टेबलाच्या अलीकडे होतो. आज कुठल्याही दवाखान्यात तोंडाचा रुग्ण गेला की पहिला प्रश्न काय? तंबाखू, मशेरी, सुपारी, किती वर्षं. शिकाऊ डॉक्टर हा प्रश्न विचारताना हवाला देतो का? श्वास घेताना कुणी देतो का? मुंबईत १९६३ साली डॉक्टर जुस्सावालांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी सुरू केली, देशातली पहिली. नव्वदच्या दशकात तंबाखूचे अभ्यासक प्रकाश गुप्ता यांनी मतदारयाद्या घेऊन, हातात मावणारे संगणक देऊन माणसं घरोघर पाठवली आणि मुंबईतल्या ९९,५९८ जणांना तंबाखूबद्दल विचारलं. निम्म्याहून अधिक बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या, आणि जवळपास सगळ्या न जळणाऱ्या रूपात. घरच्या पुरुषांनाही ठाऊक नसतं असं हे उत्तर बायकांनी दारात उभं राहून अनोळखी माणसाला दिलं. कुणीतरी नीट विचारलं असणार.

त्या फोननंतर दहा-बारा दिवसांनी मी मावशीकडे गेले. परकराला रुंद पट्टा शिवून द्यायला. चाळीच्या जिन्यातच शेजारच्या काकूंनी गाठलं. "तुम्हीच ना त्या? ज्यांनी नाडीचा कॅन्सर शोधून काढला?" मी म्हटलं, अहो नाही, डॉक्टर खानोलकर म्हणून होते, इथेच परळला. "हो हो," त्या म्हणाल्या, "मावशी सांगत होत्या." आणि त्याच संध्याकाळी मला कुठून कुठून फिरत एक मेसेज आला, की अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी शोध लावला आहे, बहिणींनो सावध व्हा. निदान तो छापून तरी अमेरिकेत आला होता, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

मावशी कॉटवर बसली होती. मी मशीन नसल्यामुळे हातानेच पट्टा लावत होते. तिने पदर बाजूला करून कमर दाखवली. काळी, चकचकीत, करगोट्यासारखी रेघ. मऊ लागत होती, जखम नव्हती. "पन्नास वर्षांचा काच आहे हा," ती म्हणाली. कुठला काच ते तिने सांगितलं नाही. मराठीत त्या शब्दात सासरही येतं.

न्हाणीच्या कट्ट्यावर, साबणाच्या मागे, पत्र्याची छोटी डबी होती. लहानपणापासून मी ती बघत आलेय. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, सगळा मजला खोकायचा, मग ती चुरून या डबीत. दात घासायला. मशेरीला आमच्याकडे तंबाखू म्हणत नाहीत. मावशी तर दर गणपतीत तंबाखूवरून पोरांना ओरडते. परळच्या त्याच कॅन्सर संशोधन संस्थेत पुढे मशेरीवरही प्राण्यांवरचे प्रयोग झाले, तेही मी कधीतरी कुणाला झेरॉक्स करून दिलेत. क्वचितच कुणा बाईला होणाऱ्या नाडीच्या कॅन्सरने मावशीची झोप उडाली, आणि ही डबी रोज हातात येते. इतकी वर्षं मी एक शब्द बोलले नव्हते. बोलायला गेले की माझ्या तोंडून 'तुम्ही लोक' निघेल अशी भीती वाटायची.

सुई ओवता ओवता, वर न बघता मी विचारलं, "मावशी, मशेरी किती वेळा लावतेस गं दिवसातून?"

"मशेरी? सकाळी. दात घासताना."

"बरं."

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी पाण्याची पिंपं सरकवत होतं.

"दुपारी जेवल्यावर एकदा," ती म्हणाली. "तोंडाला वास येतो ना."

"हं."

"आणि झोपताना. नाही लावली तर झोप येत नाही." मग बराच वेळ थांबून, "तू हे लिहून घेतेयस का कुठे?"

"नाही. विचारतेय फक्त."

मी धागा तोडला आणि गाठ मारली. तिने माझ्या हातातून परकर घेतला, पट्टा ताणून बघितला, कमरेला लावून बघितला.

"मग पाच," ती म्हणाली. "कधी सहा."